‘मावशी, पिन सांगा’



दिंडोरी तालुक्यातल्या एका गावात आम्ही गटाच्या मासिक सभेला बसलो होतो. बचत जमा झाली, कर्जाचे हप्ते झाले, प्रोसिडिंगवर सह्या-अंगठे झाले. आता उठायचं, तेवढ्यात मागून एक मावशी म्हणाल्या, "ताई, काल मला बँकेतून फोन आला होता."

आमच्या पोटात गोळा आला. असे फोन कुठून येतात ते आता सगळ्यांनाच माहीत आहे.

"काय म्हणत होता?"

"पोरगा मोठा गोड बोलत होता. म्हणे, मावशी, तुमचं कार्ड बंद पडणार आहे, लवकर पिन सांगा."

"मग?"

"मग सांगितला की. चार दोन दोन, दोन शून्य दोन."

क्षणभर कोणी काही बोलेना. मग सचिवबाई तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. ४२२२०२ हा दिंडोरीचा पोस्टाचा पिन कोड! मावशी पुढे म्हणाल्या, "तो म्हणायला लागला, हा नाही, तुमचा दुसरा पिन सांगा. मी म्हटलं, बाबा, आमच्या गावाला एकच पिन आहे. मग त्यानंच फोन ठेवला."

मावशींचे पैसे वाचले. पण त्याच आठवड्यात दुसऱ्या गावात उलटा प्रकार झाला. एका बँकेत फॉर्म भरताना आमच्या एका सदस्येने पत्त्याखालच्या ‘पिन’ च्या चौकटीत कार्डाचे चार आकडे लिहून दिले. खिडकीतल्या माणसाने ते रांगेला ऐकू जातील असे मोठ्याने वाचले आणि म्हणाला, "बाई, यात दोन आकडे कमी आहेत."

चूक या बायकांची नाही. एकाच शब्दात इतक्या गोष्टी कोंबल्या की असं होणारच. म्हणून आम्ही ठरवलं की यावेळी या पिनचीच गोष्ट सांगायची. शब्द एवढासा, पण गोष्ट लांबची आहे, आणि तिच्यात आपला नाशिक जिल्हाही येतो.

आधी आपल्या ओळखीची पिन घेऊ. बांगडीत नाहीतर मंगळसूत्रात दोन-तीन अडकवलेल्या असतात ती. पदर लावायला, बाळाचं झबलं बांधायला, पायातला काटा काढायला, तुटलेल्या चपलेचा अंगठा जोडायलाही तीच. आमच्या आज्या तिला ‘सेप्टीपिन’ म्हणायच्या. रॉकेलचा स्टोव्ह होता तेव्हा त्याचीही एक पिन असायची. पत्र्याच्या पट्टीला बारीक तार लावलेली. बर्नरच्या भोकात कचरा अडकला की ती घालायची. ती मोडली की संध्याकाळी शेजारणीकडे पळत जायचं. आता मुलं चार्जरची ‘बारीक पिन’ शोधत घर डोक्यावर घेतात. वस्तू बदलल्या तरी शब्द तोच राहिला.

इंग्रजीत हा शब्द फार जुना आहे. मुळात त्याचा अर्थ खुंटी. एक वस्तू दुसरीला पक्की धरून ठेवायची ती खुंटी. पुढे तारेची टोकदार टाचणी आली आणि तिलाही तेच नाव पडलं. आपण वापरतो ती सेफ्टी पिन मात्र त्या मानाने अलीकडची. अमेरिकेतल्या न्यूयॉर्कमध्ये वॉल्टर हंट नावाचा एक कारागीर होता. त्याच्या डोक्यात सारख्या कल्पना, पण खिशात पैसा टिकत नसे. त्याच्यावर १५ डॉलरचं कर्ज होतं असं सांगतात. हातात तार घेऊन वाकवता वाकवता त्याला ही युक्ती सुचली. एका टोकाला वेटोळं, म्हणजे स्प्रिंग, आणि दुसऱ्या टोकाला टोपण, म्हणजे टोक अंगाला लागायला नको. १८४९ मध्ये त्याने तिचं पेटंट घेतलं आणि ४०० डॉलरला सगळे हक्क विकून टाकले. त्याचं कर्ज फिटलं. पिनने मात्र पुढे किती कमावलं त्याची मोजदाद नाही. व्यापाऱ्याने बांधावरच भाव पाडला की कांदेवाल्याचं काय होतं ते आपल्याला कोणी शिकवायला नको.

साध्या टाचणीचीही एक गंमत आहे. ॲडम स्मिथ नावाच्या विद्वानाने १७७६ मध्ये अर्थशास्त्राचं एक प्रसिद्ध पुस्तक लिहिलं, ते टाचणीच्या कारखान्यापासून सुरू होतं. तो म्हणतो, एकटा माणूस सगळी कामं करायला बसला तर दिवसभरात वीस टाचण्याही होणार नाहीत. पण एकाने तार ओढायची, दुसऱ्याने सरळ करायची, तिसऱ्याने कापायची, चौथ्याने टोक काढायचं अशी कामं वाटली, तर दहा माणसं मिळून दिवसाला ४८,००० टाचण्या करतात. आपल्या पापडाच्या गटात वेगळं काय चालतं? एक पीठ तिंबते, एक लाट्या करते, चौघी लाटतात, एक वाळत घालते.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण पुढे तिच्यावर परत यायचं आहे. इंग्लंडमध्ये एके काळी टाचण्या महाग होत्या, आणि बायकांच्या कपड्यांना त्या खूप लागायच्या. म्हणून नवरा बायकोला तिच्या खर्चासाठी थोडी रक्कम द्यायचा. तिला नाव पडलं ‘पिन मनी’, म्हणजे टाचण्यांचे पैसे. श्रीमंत घरांत तर लग्न ठरवतानाच ही रक्कम लिहून घ्यायचे. पुढे टाचण्या स्वस्त झाल्या, पण नाव टिकलं. ऐकायला बरं वाटतं. पण त्या काळी तिकडच्या कायद्याने लग्न झालेल्या बाईची कमाई नवऱ्याची धरली जायची. शिवणकाम करून तिने चार पैसे मिळवले तरी त्यावर हक्क त्याचा. घरातलं सगळं त्याचं, आणि त्यातले टाचणीपुरते तिचे. १८७० च्या कायद्याने तिची कमाई तिची झाली आणि १८८२ च्या कायद्याने तिची मालमत्ताही तिच्या नावावर राहू लागली. आपल्याकडे स्त्रीधन हा शब्द पूर्वीपासून आहे. पण ते स्त्रीधन ज्या कपाटात असतं त्याची किल्ली कोणाच्या कमरेला असते, हे ज्या त्या घरात विचारावं.

आता पोस्टाचा पिन. हा वेगळाच. ही टाचणीही नाही आणि खुंटीही नाही. पी, आय, एन ही तीन अक्षरं आहेत. पोस्टल इंडेक्स नंबर, म्हणजे टपाल कुठे जायचं ते दाखवणारा क्रमांक. म्हणून ‘पिन नंबर’ म्हणणं हे ‘पिवळं पीतांबर’ म्हणण्यासारखं आहे. पण आपण सगळ्याच तसं म्हणतो, त्यात लाजायचं कारण नाही.

हा पिन आपल्याला दिला एका मराठी माणसाने. श्रीराम भिकाजी वेलणकर, मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळणेश्वरचे. टपाल खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते आणि संस्कृतचे पंडितही होते. संस्कृतात त्यांनी कविता केल्या, नाटकं लिहिली. त्यांचं एक काव्य असं आहे म्हणतात की सरळ वाचलं तर रामाची स्तुती आणि उलटं वाचलं तर कृष्णाची. अक्षरं कोणत्या क्रमाने मांडली म्हणजे काय अर्थ निघतो याचा इतका बारीक विचार करणाऱ्या माणसाकडे देशभरच्या पत्त्यांचं काम आलं, हे आम्हाला फार आवडलं.

अडचण काय होती? देशात कितीतरी भाषा आणि कितीतरी लिप्या. कोणी पत्ता मराठीत लिहिणार, कोणी तमिळमध्ये, कोणी बंगालीत. त्यात गावांची नावं सारखी. नांदगाव म्हटलं तर आपल्या जिल्ह्यातलं तालुक्याचं नांदगाव, की अमरावतीकडचं नांदगाव खंडेश्वर? पिंपळगाव म्हटलं तर पिंपळगाव बसवंतच कशावरून? महाराष्ट्रात पिंपळगावं मोजायला बसलं तर दिवस मावळेल. आणि पत्र लिहिणारा घाईत, अक्षर वाकडं. रात्री रेल्वेच्या डब्यात उभं राहून पत्रं निवडणाऱ्या माणसाने ते ओळखायचं कसं? आकडे मात्र सगळ्यांना वाचता येतात. म्हणून गावाच्या नावाला आकड्यांची जोड द्यायची ठरली. १५ ऑगस्ट १९७२ ला, स्वातंत्र्याला २५ वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी, सहा आकड्यांचा पिन कोड देशात सुरू झाला.

त्या सहा आकड्यांत काय आहे ते सांगतो. पहिला आकडा देशाचा मोठा विभाग सांगतो. आपला ४. त्यात महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड येतात. पुढच्या आकड्यांनी राज्याचा भाग ठरतो, आणि पहिले तीन मिळून टपाल निवडण्याचा जिल्हा कळतो. नाशिकचा ४२२. शेवटचे तीन म्हणजे पत्र वाटणारं पोस्ट ऑफिस. नाशिक शहराच्या मुख्य पोस्टाचा ४२२००१, सिन्नर ४२२१०३, निफाड ४२२३०३, त्र्यंबक ४२२२१२, सुरगाणा ४२२२११.

पण आपल्याच जिल्ह्यात मालेगावचा ४२३ ने सुरू होतो. येवला, मनमाड, सटाणा, कळवण यांचाही. आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या कोपरगाव, शिर्डीचाही ४२३ च. टपालाचा जिल्हा कलेक्टरच्या जिल्ह्याशी जुळलाच पाहिजे असं नाही. टपालाची सोय बघून ते ठरलं आहे.

यात बायकांची एक वेगळीच अडचण होते, ती आमच्या कामात दिसली. पुरुष जन्मला त्याच पिनमध्ये बहुतेक वेळा म्हातारा होतो. बाईचा पिन मात्र लग्नात बदलतो. सटाण्याकडची मुलगी दिंडोरीकडे दिली की तिचा ४२३ चा ४२२ झाला. ती स्वतः आली, भांडी आली, कपाट आलं, पण कागदांवरचा पिन माहेरीच राहिला. आमच्या एका सदस्येचं बँकेचं कार्ड तिच्या माहेरच्या पोस्टात जाऊन तिथून परत गेलं. इकडे ती महिनाभर पोस्टमनची वाट बघत होती. आधारावर सासरचं गाव घातलं होतं, पिन मात्र जुनाच. तुम्ही आज घरी गेल्यावर आधार, पासबुक आणि रेशनकार्ड काढून तिन्हींवरचा पिन एकच आहे का ते बघाच.

पहिला आकडा ९ असला तर ते पत्र कोणत्याही राज्यात जात नाही. तो फौजेचा. ज्यांची मुलं सैन्यात आहेत त्या आयांना ‘५६ एपीओ’ हा पत्ता पाठ असतो. एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस. मुलगा लडाखला आहे की आसामात, हे त्या पत्त्यावरून कळत नाही, कळू नये अशीच ती व्यवस्था आहे. पोस्टाचा बाकी सगळा पिन ठिकाण सांगण्यासाठी, आणि हा एक ठिकाण झाकण्यासाठी. तरी पत्र पोहोचतं.

पिनला एक मर्यादाही आहे. तो पोस्ट ऑफिसचा आहे, घराचा नाही. पेठ-सुरगाण्याकडे एका पिनमध्ये कितीतरी पाडे असतात. मळ्यात राहणाऱ्या बाईचा पत्ता म्हणजे ‘विहिरीपासून पुढे, चिंचेच्या उजवीकडे’. रात्री बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या की गाडीवाल्याला फोनवर हेच सांगावं लागतं, आणि तो हमखास दुसऱ्या चिंचेपाशी जातो. टपाल खात्याने २०२५ मध्ये डिजिपिन आणला आहे. अक्षरं आणि आकडे मिळून दहा खुणांचा. सगळा देश चार-चार मीटरच्या चौकोनांत मांडला आहे आणि प्रत्येक चौकोनाला आपला डिजिपिन. म्हणजे मळ्यातल्या घरालाही स्वतःचा पत्ता. तो अजून आपल्या रोजच्या वापरात आलेला नाही. आला, तर पाड्यावरच्या बायकांनाच त्याचा उपयोग जास्त होईल असं आम्हाला वाटतं.

तिसरा पिन पैशाचा. तिथे जाण्याआधी जरा नाशिक रोडला थांबू. तिथल्या छापखान्यात पोस्टाची तिकिटं छापतात हे आपल्याला माहीत आहे. इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ मध्ये सुरू झाला. त्याआधी भारताची तिकिटं लंडनहून छापून यायची. ती छापणारी कंपनी होती डी ला रू. ते काम नाशिकला आलं, आणि पुढे ४२ वर्षांनी त्याच कंपनीने लंडनजवळच्या एनफिल्ड गावात एक नवं यंत्र बसवलं. भिंतीतून पैसे देणारं. २७ जून १९६७ ला ते सुरू झालं. आजच्या एटीएमचं ते पूर्वज.

त्या कामाचा प्रमुख होता जॉन शेफर्ड-बॅरन. जन्म १९२५ चा, आणि तोही आपल्या देशातला, शिलाँगचा. यंत्राने माणूस ओळखायचा कसा, हा प्रश्न होता. सही यंत्राला कळत नाही. म्हणून गुपित आकडे ठरले. पर्सनल आयडेंटिफिकेशन नंबर, म्हणजे स्वतःची ओळख पटवणारा क्रमांक. याचीही अक्षरं जुळून आली पी, आय, एन. शेफर्ड-बॅरनला सैन्यातला आपला सहा आकडी क्रमांक पाठ होता, तेव्हा सहाच आकडे ठेवावेत असं त्याला वाटलं. स्वयंपाकघरात बसून त्याने बायकोला, कॅरोलाइनला विचारलं. ती म्हणाली, माझ्या तर चारच लक्षात राहतात. झालं, चार ठरले. ही आठवण त्याने स्वतः सांगितलेली आहे. जेम्स गुडफेलो नावाच्या स्कॉटिश माणसाने अशा गुपित आकड्यांचं पेटंट १९६६ मध्येच मागितलं होतं, त्यामुळे पिनचा पहिला मान कोणाचा यावर तिकडे वाद आहे. तो त्यांचा त्यांनी मिटवावा.

भारतात पहिलं एटीएम १९८७ मध्ये मुंबईत आलं. आपल्या हातात कार्ड यायला पुढे बरीच वर्षं गेली. २०१४ मध्ये जनधन खाती निघाली आणि त्यांच्याबरोबर रुपे कार्डं आली. पहिल्यांदाच कितीतरी घरांत बाईच्या नावाचं खातं, बाईच्या नावाचं कार्ड, आणि पाकिटात एक चिठ्ठी, जिच्यावर चार आकडे.

ती चिठ्ठी कोणी उघडली? आम्ही एका सभेत विचारलं. बहुतेकींनी सांगितलं, मुलाने, नाहीतर पुतण्याने, नाहीतर यांनी. "आम्हाला कुठे कळतं त्यातलं." एकीच्या कार्डाच्या पाकिटावरच बॉलपेनने आकडे लिहिलेले होते. एक काकू सांगत होत्या, लाडकी बहीणचे १,५०० रुपये दर महिन्याला येतात, थोरला काढून आणतो आणि त्यातले २०० हातावर ठेवतो. "मागितले तर देतो की," त्या म्हणाल्या. त्यांची तक्रार नव्हती. मुलगा चांगला आहे, पैसे खतालाच जातात, दारूत नाही. पण मागावे लागतात.

तेव्हा आम्ही त्यांना त्या टाचण्यांच्या पैशांची गोष्ट सांगितली. काकू ऐकत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीच्या मडमेसारखी माझी गत."

खरं सांगायचं तर यात आम्हालाही सोपं उत्तर सापडलेलं नाही. पोराला पिन सांगू नका म्हणायला सोपं. एटीएम १२ किलोमीटरवर, एसटी दिवसातून दोनदा, आणि यंत्रावर अक्षरं इंग्रजी. अशा वेळी विश्वासाच्या माणसावर भिस्त ठेवावी लागते. गटाच्या खात्याला आपण एकीची सही चालू देत नाही. अध्यक्ष, सचिव यांच्या सह्या लागतात, ठराव लागतो, तेव्हा पैसे निघतात. एकमेकींवर अविश्वास आहे म्हणून हे नाही, तर उद्या कोणी बोट दाखवू नये म्हणून. आणि स्वतःच्या खात्याला मात्र चार आकडे, ते सगळ्या घराला पाठ.

एवढं तरी धरून ठेवा. पोस्टाचा पिन सहा आकडी, तो कोणालाही सांगा, पाटीवर लिहा. कार्डाचा पिन फक्त यंत्रात टाकायचा, कोणत्याही कागदावर नाही आणि फोनवर तर नाहीच. बँकेचा माणूस तो कधी विचारत नाही. मोबाइलवरून पैसे पाठवायलाच यूपीआय पिन लागतो, पैसे घ्यायला लागत नाही. ‘तुम्हाला पैसे आलेत, घ्यायला पिन टाका’ असं कोणी म्हटलं की तो चोर समजा. चुकून पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन लावा आणि बँकेला कळवा. जितका उशीर, तितका पैसा हातचा गेला. आणि पिन ठेवताना जन्मसाल ठेवू नका, ते आधारावर छापलेलं असतं.

पुढच्या सभेच्या आधी आमची बँक सखी चौघींना घेऊन तालुक्याला गेली. जुना पिन बदलून नवा कसा ठेवायचा ते एकेकीला यंत्रापुढे उभं करून दाखवलं, आणि आकडे टाकताना स्वतः बाहेर जाऊन उभी राहिली. त्या चौघींत काकूही होत्या. पहिल्यांदा त्यांचे दोन्हीवेळचे आकडे जुळले नाहीत, हात थरथरत होता. दुसऱ्यांदा जुळले. ५०० ची एक नोट काढून बघितली आणि चोळीत ठेवली.

सभेत सगळ्यांनी त्यांना विचारलं, मुलाला सांगितलं का?

"सांगितलं. खताला पैसे लागले तर माग, मी काढून देईन म्हटलं."

"रागावला?"

"रागावला तर. दोन दिवस धड जेवला नाही. तिसऱ्या दिवशी जेवला."